कॉम्प्युटरची खातेफोड

भंडारा जिल्ह्यात कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध चालतं: फॉर्मेट. प्रिंटर रुसला, फॉर्मेट मारा. मशीन हळू चालते, फॉर्मेट मारा. माउसची वायर खऱ्याखुऱ्या उंदरानं कुरतडलेली असली, तरी दुकानदार डबा उलटापालटा करून, मागच्या पंख्यावर फुंकर घालून गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "विंडोज उडाली भाऊ. फॉर्मेट मारावं लागते." त्यावर गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न: "डीमधलं राहते ना?" सी जाणार आणि डी राहणार, यावर जिल्ह्याची श्रद्धा आहे. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हापासून शिक्षक, ग्रामसेवक, कारकून आणि त्यांची पोरं असे सगळे त्या वर्गांतून जाऊन आले. एक्सेलची सूत्रं परीक्षेच्या संध्याकाळीच विसरली. टिकलं ते एवढंच, की महत्त्वाचं असेल ते डीमध्ये टाकावं आणि फॉर्मेट चालू असताना दुकानातून हलू नये.

औषध लागू पडतं, नाही असं नाही. फक्त मशीनमध्ये राहणारा एकटा असला पाहिजे.

माझ्या भाऊजींच्या राइस मिलमधल्या मशीनमध्ये दोघे राहत होते.

मिल मोहाडी तालुक्यात, तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ऑफिसच्या एका खिडकीतून धरमकाटा दिसतो, दुसरीतून भुशाचा ढीग, आणि कीबोर्डवर बारा महिने तांदळाची बारीक धूळ. भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला होता तेव्हा, २०१८ च्या दिवाळीत, त्यानं या मशीनमध्ये विंडोज १० च्या शेजारी उबुंटू बसवून दिलं आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, एका मशीनचे दोन कॉम्प्युटर झाले." एका पैशात दोन वस्तू म्हटल्यावर भाऊजी खूश. पुढे भाचा पुण्याला नोकरीला गेला. उबुंटू मिलमध्येच राहिलं. सकाळी मशीन सुरू केली की पडद्यावर दोन नावं यायची. मुनीमजी बाण दाबून विंडोजवर जायचे, कारण टॅली तिकडं, धरमकाट्याचं सॉफ्टवेअर तिकडं, डिजिटल सहीचा डोंगल तिकडंच ओळखला जायचा, आणि बिलांचा मसुदा कृतिदेव फॉन्टात. तीच फाइल उबुंटूत उघडली की फॉन्ट नसल्यामुळं मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा भुसा दिसायचा. उलट इंटरनेट, ईमेल, भाचीचा अभ्यास उबुंटूत. मुनीमजी त्याला 'बाबूची बाजू' म्हणत आणि तिकडं चुकूनही पाय ठेवत नसत.

सात वर्षं असं चाललं. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. पैसे भरून किंवा खातं जोडून आणखी एखादं वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवता येतात. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, शिवाय बऱ्यापैकी नवा प्रोसेसर, आणि मिलची मशीन दोन्ही बाबतींत नापास. इकडं उबुंटू १८.०४ ची मुदत तर २०२३ मध्येच सरली होती. भाचीनं विचार केला, तो मला अजूनही पटतो: विंडोज हलवायची नाही, कारण मिलचा हिशेब तिच्यात आहे, पण तिला नेटवर हुंदडू द्यायचं नाही. नेटचं सगळं दुसऱ्या बाजूला न्यायचं, आणि दुसरी बाजू मात्र नवी पाहिजे. म्हणजे उबुंटू काढायचं, त्याच जागेवर लिनक्स मिंट बसवायचं आणि विंडोजला धक्का लागू द्यायचा नाही.

"कोनतं मिंट?" भाऊजींनी विचारलं.

"बावीस पॉइंट दोन. झारा."

"झारे दोन आहेत घरी," ताई आतून म्हणाली.

उबुंटूच्या आवृत्त्यांना जनावरांची नावं असतात आणि मिंटच्या आवृत्त्यांना बायांची, हे भाऊजींना समजावण्यात एक चहा गेला. गावातला मोबाइल दुकानदार योगायोगानं तिथंच बसला होता. तो म्हणाला, "इतकं कायले करता काकाजी? फॉर्मेट मारून टाकतो ना. ऑफिस, फोटोशॉप, अँटीव्हायरस, सगळं वरून टाकून देतो."

"अना बाबूच्या बाजूचं?"

"ते तर चाललंच जाईन."

"अना टॅली?"

दुकानदारानं टॅली 'बहुतेक' राहील असं सांगितलं. ज्या माणसानं धुऱ्याचा खटला लढवला आहे त्याच्यापुढं 'बहुतेक' हा शब्द काढू नये.

भाऊजींना कॉम्प्युटरमधलं काडीचं कळत नाही, पण हिस्सेवाटणीतलं जे कळतं ते भल्या वकिलाला कळत नाही. त्यांच्या धानाच्या बांध्या आणि चुलतभावाच्या बांध्या यांच्यामधला धुरा दरवर्षी पावसाळ्यात हातभर सरकायचा, आणि कुणाकडं सरकला ते रोवणी उरकल्यावरच कळायचं. त्यापायी त्यांनी पटवारी, मोजणी, तहसील, अपील ही सगळी तीर्थं केली. गाव नमुना सात-बारा, आठ-अ आणि फेरफाराचा गाव नमुना सहा त्यांना भजनासारखे पाठ आहेत. त्यामुळं भाचीनं 'पार्टिशन' म्हटल्याबरोबर ते खुर्ची ओढून पुढं बसले. इतक्या वर्षांत त्या टेबलावर त्यांच्या विषयाचं काही पहिल्यांदाच निघालं होतं.

"आधी नकाशा दाखव," ते म्हणाले.

भाचीनं पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहायला सुरू केलं होतं. ही सोय मोठी आहे: डिस्कला हात न लावता नवी सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच चालते, आणि वायफाय, आवाज, प्रिंटर हे सगळं तिला ओळखता येतं का ते आधीच बघून घेता येतं. त्यात जीपार्टेड नावाचं साधन उघडलं की सगळी डिस्क रंगीत पट्ट्यांत आडवी पसरलेली दिसते. भाऊजींनी चष्मा लावला.

"हे तर मोजणी शीटच आहे! हा पहिला बारका पट्टा कोनाचा?"

"शंभर एमबीचा आहे, बाबा. ईएफआय. कोणा एकाचा नाही. मशीन सुरू झाली की पहिले इथं येते. कोणाला कुठं जाऊन उठवायचं, त्याच्या दोघांच्याही चिठ्ठ्या इथंच राहतात."

"निस्तार," भाऊजी एका शब्दात म्हणाले.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडं तलावाचं पाणी, गुरांची चराई, सरपण यांवर गावाचे सामाईक हक्क असतात आणि ते निस्तारपत्रकात नोंदवलेले असतात. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलावांची नावं मात्र मालगुजारीच राहिली. निस्ताराच्या जागेवर नांगर घातला तर सगळं गाव दारात येतं. ईएफआय पार्टिशनचं तंतोतंत तसंच. नवी सिस्टीम बसवताना ते वापरायचं असतं, फॉर्मेट करायचं नसतं. केलं, तर विंडोज आपल्या जागेवर ठणठणीत बसलेली असते, पण तिला उठवायला जाणारी चिठ्ठीच फाटलेली असते. भाचीनं हे पंधरा मिनिटं समजावलं असतं. भाऊजींना एका शब्दात कळलं, म्हणून तिनं पुढचं सगळं त्यांच्याच भाषेत चालवलं.

"हा सोळा एमबीचा?"

"मायक्रोसॉफ्टनं राखीव ठेवला आहे. त्यात काहीच नाही."

"म्हणजे सरकारी पड. पुढं."

पुढं सी, मग डी, मग उबुंटूचा मोठा पट्टा, स्वॅपचा छोटा, आणि शेवटी विंडोजचाच पाचेकशे एमबीचा रिकव्हरीचा तुकडा. लिनक्स यांना सी-डी म्हणत नाही. डिस्कचं नाव आणि पुढं अनुक्रमांक, एसडीए-एक, एसडीए-दोन असं. हे भाऊजींना फार पटलं. "आपन घरी 'आंब्याची बांधी' म्हनतो, 'खालची बांधी' म्हनतो. पटवाऱ्याकडं गट नंबरच चालते. आंबा काय, उद्या तोडला तर?" आणि खरंच आहे. विंडोजमध्ये जी डी, ती पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या मशीनमध्ये डी असेलच असं नाही. अनोळखी पडद्यावर पार्टिशन ओळखायचं ते आकारावरून, प्रकारावरून आणि आतल्या फाइली उघडून. एनटीएफएस असेल तो विंडोजवाल्याचा, ईएक्सटी-फोर असेल तो लिनक्सवाल्याचा. भाचीनं कागदावर चतुःसीमा लिहून काढल्या: कुठला पट्टा, किती जीबी, कोणाचा, आणि पुढं 'हात लावणे' किंवा 'हात न लावणे'. भाऊजींनी खाली सही केली. कोणी मागितली नव्हती.

जुन्या डिस्कांवर तर याहून मजा असते. तिथं एमबीआर पद्धतीत मुख्य हिस्से चारच पाडता येतात. पाचवा वारस निघाला की एका हिश्श्याच्या पोटात पोटहिस्से पाडायचे. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ हिस्से मानते, आणि हिश्शांच्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. दुसऱ्या प्रतीचं ऐकून भाऊजींनी मान डोलावली. चुलतभावाच्या खटल्यात दुसरी प्रतच कामाला आली होती.

त्यानंतर भाऊजींनी तो प्रश्न विचारला, ज्यापाशी या विषयातले बहुतेक लोक पाय घसरून पडतात. "उबुंटूले विंडोजमधूनच हाकलून नाही देता येत? जागा मोकळी होईन, मंग याले बसव."

येतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पट्ट्यावर उजवी टिचकी मारायची, डिलीट म्हणायचं, झालं. भुईसपाट. गंमत पुढच्या सकाळी कळते. मशीन सुरू होताना दोन नावं दाखवणारा जो ग्रब असतो, तो राहतो उबुंटूच्या घरात. घर पाडलं की ग्रबही गेला. आणि विंडोजला उठवायचं काम इतकी वर्षं तोच करत होता. मग काळ्या पडद्यावर ग्रब हे एवढंच नाव आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोजला काहीच झालेलं नसतं. तिच्यापर्यंत जायचा रस्ताच कोणाच्या नावावर उरलेला नसतो.

"म्हणून आपण याला काढायचं नाही, बाबा. मिंटलाच सांगायचं की हीच जागा घे, जुनं पुसून स्वतः बस, आणि दाराशी आपला ग्रब उभा कर."

"आधी फेरफार, मंग नांगर," भाऊजी म्हणाले. मला वाटतं, संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे वाक्य घालायला हरकत नाही.

कामाचा दिवस मंडईचा निवडला. कारण साधं होतं: दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या की त्या दिवशी मिलमध्ये हमाल नसतात, धरमकाट्यावर गाडी नसते, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक असल्यामुळं पुण्याचा भाचाही गावी येतो. तो आला, आणि बहिणीनं त्याला मशीनला हात लावू दिला नाही. बसवणारा वेगळा आणि काढणारा वेगळा असावा, असं तिचं मत.

पहिली अट इन्व्हर्टरची. पार्टिशनचं काम अर्ध्यावर असताना लाइट गेली तर धुरा नेमका कुठं पडला हे देवालाही सांगता येत नाही. दुसरी अट बॅकअपची. भाऊजी अभिमानानं म्हणाले, "बॅकअप आहे. डीमध्ये." टॅलीचा डेटा सीमध्ये आणि त्याची नक्कल डीमध्ये, म्हणजे एकाच डिस्कवर. भाची काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाबा, खटल्याचा मूळ कागद आणि नक्कल तुम्ही एकाच पेटीत ठेवता?" भाऊजी स्वतः उठून बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आले.

नक्कल झाल्यावर तिनं ती दुसऱ्या लॅपटॉपवर उघडायला लावली. टॅलीचा डेटा तिथं चढवून मागच्या वर्षीच्या चिन्नोरचं एक बिल काढून पाहिलं, तेव्हाच बॅकअप झाला असं मानलं. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणणं हा आपल्याकडचा फार मोठा आशावाद आहे. भाच्याचं उबुंटूतलं सामानही काढावं लागलं. 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल २', 'प्रोजेक्ट खरंच फायनल', आणि हॉस्टेलच्या मेसच्या डाळीवर लिहिलेल्या कविता. कविता ताईनं वाचायला घेतल्या तेव्हा भाच्यानं प्रथमच घाई करायला सुरुवात केली.

मग विंडोजची झोप मोडायची होती. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' म्हटलं की विंडोज पुरती बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपच्या नावाखाली अर्धवट झोपते, आणि झोपताना आपल्या पार्टिशनला आतून कडी लावून घेते. अशा वेळी लिनक्सनं तिथं काही लिहायचा प्रयत्न केला तर भांडण. त्यातही विनोद असा, की 'रीस्टार्ट' म्हटलं की ती खरोखर बंद होते आणि 'शट डाउन' म्हटलं की होत नाही. भाचीनं ती सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडली. बिटलॉकरही तपासला. तो चालू असता तर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली आधी लिहून ठेवावी लागली असती, आणि तशी किल्ली कुठं लिहून ठेवली ते लिहून ठेवायला आणखी एक वही.

मिंटची फाइल उतरवताना वाटेत बिघडली नाही ना, हे पाहण्यासाठी चौसष्ट अक्षरांचा ठसा ताडायचा असतो. एक आज्ञा दिली की कॉम्प्युटर तो स्वतः ताडून देतो. भाऊजींना हे मान्य नव्हतं. "मशीननं मशीनले पास करायचं? हे तर घरचंच झालं." त्यांनी एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, ताईनं पडद्यावर बोट ठेवून "हो" म्हटलं. चौसष्ट वेळा.

आता मुख्य कार्य. बसवताना मिंट विचारतं, कसं बसू? त्यातला एक पर्याय सांगतो, 'सगळी डिस्क पुसून बसतो'. हा ठळक, सोपा आणि मोहात पाडणारा. भाऊजी म्हणाले, "म्हणजे दोघंही बेदखल?" बरोबर ओळखलं. आपल्याला पाहिजे तो पर्याय सगळ्यात शेवटी असतो आणि त्याचं नाव 'दुसरं काहीतरी' असं आहे. इतक्या वर्षांत, इतक्या हुशार माणसांना, जगातल्या सगळ्यात सुरक्षित पर्यायाला याहून बरं नाव देता आलं नाही.

तिथं भाचीनं चतुःसीमेचा कागद पुढं ठेवला. उबुंटूचा पट्टा: ईएक्सटी-फोर, फॉर्मेट होय, मूळ जागा तिरपी रेघ. ईएफआय: वापर होय, फॉर्मेट नाही. सी, डी, रिकव्हरी: हात नाही. प्रत्येक ओळीला तिनं भाऊजींना विचारलं आणि त्यांनी कागदाशी ताडून "बराबर" म्हटलं. शेवटी मिंटनं कोणकोणते पट्टे पुसले जाणार त्याची यादी दाखवली. तीत एकच नाव होतं. भाऊजींनी ती यादी दोनदा वाचली, मग म्हणाले, "मार शिक्का."

अर्ध्या तासाच्या आत झारा विराजमान झाली. खरी धावपळ त्यानंतर झाली. मशीन रीस्टार्ट करून भाची हात धुवायला गेली, भाऊजी पान खायला गेले. दोघं परत येतात तो पडद्यावर मिंटच. मुनीमजी भिंतीला टेकून उभे. "टॅली गेली," ते म्हणाले, जसं कोणी घरचं माणूस गेल्याचं सांगावं. गेलं काहीच नव्हतं. ग्रब नावं दाखवून काही सेकंद वाट पाहतो आणि कोणी बोललं नाही की वरच्या नावाला उठवतो. वरचं नाव आता मिंटचं होतं, आणि मुनीमजींची बोटं इतकी थरथरत होती की बाण दाबायचं राहिलंच. आमचं नशीब एवढं की यादीत विंडोजचं नाव होतं. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून मूळ ग्रब सुरक्षेच्या कारणास्तव शेजारी कोण राहतं ते आपणहून बघायला जात नाही. तशी सेटिंग असेल तर एक ओळ बदलून त्याला शेजाऱ्याची ओळख करून द्यावी लागते. मिंटनं ती ओळख आधीच करून दिलेली असते.

याउलटचा प्रसंग १३ ऑगस्ट २०२४ ला जगभर घडला. विंडोजच्या सुरक्षा अपडेटनं दोन सिस्टीमवाल्या अनेक मशीनींवरचं लिनक्स दाराशीच अडवलं. पडद्यावर आलेल्या संदेशाचा अर्थ असा, की काहीतरी फारच गंभीर बिघडलं आहे. असं अपडेट दोघं राहत असलेल्या मशीनला लागणार नाही, असं आधी सांगितलेलं होतं. कायमची दुरुस्ती यायला पुढचं वर्ष उजाडलं. हे ऐकून भाऊजी म्हणाले, चुलतभावानंही तसंच सांगितलं होतं.

मग त्यांचा एक आक्षेप निघाला आणि त्याला पटकन कोणाकडंच उत्तर नव्हतं. मशीनच्या मूळ बूट मेनूत, ग्रबच्याही आधी जी यादी येते तीत, अजून 'उबुंटू' लिहिलेलं होतं.

"हे कसं? काढलं ना त्याले?"

मिंट हे उबुंटूच्याच पायावर उभं आहे, आणि ईएफआयमध्ये ते आपली चिठ्ठी उबुंटूच्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणून घरात झारा आणि पाटीवर उबुंटू.

भाऊजींना हे चुकीचं वाटेना. मलाही वाटलं नाही. आमच्या जिल्ह्यानं किती सिस्टीमी पाहिल्या: नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ ला खालसा, १८६१ ला मध्य प्रांत, १९५० ला मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य (हे अधिकृत ड्युअल बूट, साडेतीन वर्षं चाललं), आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. प्रत्येक वेळी नवी बसली आणि प्रत्येक वेळी जुनीच्या काही फाइली राहून गेल्या. सरकारी कागदावर तलाठी आला, तोंडात अजून पटवारीच. १ मे १९९९ ला तर जिल्ह्याचंच पार्टिशन झालं. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी तिकडं, आणि तुमसर, मोहाडी, साकोली, पवनी इकडं. तरी २००९ पासून, आमगाव-देवरीचा भाग सोडला तर, खासदार दोघांचा मिळून एकच, भंडारा-गोंदियाचा. सातबाऱ्यावर आज्याचंच नाव असलेली कुटुंबं तर गल्लोगल्ली सापडतील.

"राहू दे उबुंटू," भाऊजी म्हणाले. "पोरगं नाराज नाही होनार." भाचा तोपर्यंत नाटकाला पळाला होता.

झालं, असं सगळ्यांना वाटलं. तीन-चार दिवसांनी हमालांचं शिष्टमंडळ ऑफिसात आलं. सकाळी अकराला भरलेल्या गाडीच्या काटापावतीवर पहाटेचे साडेपाच छापलेले होते. "मालक, पहाटची भरती आहे. रात्रपाळीचा भाव द्या." पावती मिलची, शिक्का मिलचा. भाऊजींना पहिल्यांदाच आपल्या बाजूनं कागद नसल्याचा अनुभव आला.

कारण असं की मशीनच्या आत एक लहानसं घड्याळ असतं. विंडोज मानते की ते घड्याळ स्थानिक वेळ सांगतं. लिनक्स मानतं की ते ग्रिनिचची वेळ सांगतं आणि आपण त्यात भर घालून घ्यायची. लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेलं की विंडोज ग्रिनिचची वेळच भंडाऱ्याची समजते. फरक बरोबर साडेपाच तासांचा. ज्या झाडीपट्टीत दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या धानाच्या वाणाला एचएमटी हे घड्याळाचं नाव मिळालं, त्याच झाडीपट्टीतल्या मिलमध्ये एचएमटीच्या पावत्या इंग्लंडच्या वेळेनं निघत होत्या. दोघांपैकी कोणीतरी माघार घ्यायला पाहिजे होती. भाचीनं मिंटला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ मानायला लावलं. त्यानं मानली, पण स्थिती विचारली की हे योग्य नाही असा लांबलचक इशारा छापायला लागलं. हमालांना मालकानं चहा-पोहे दिले आणि रात्रपाळीचा भाव दिला नाही.

या सगळ्याचा बोभाटा गावात झालाच. एका संध्याकाळी मोबाइल दुकानदार काखेत लॅपटॉप घेऊन मिलमध्ये आला, आणि त्यानं दार लावून घेतलं. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमध्ये कोणतं तरी लिनक्स फुकटची जागा खात होतं, म्हणून त्यानं विंडोजमधून ते डिलीट करून टाकलं होतं. आता काळा पडदा, वर ग्रब, आणि कर्सर लुकलुकतो आहे. गिऱ्हाइकाचं लग्न पुढच्या आठवड्यात, पत्रिकेचं डिझाइन त्यात.

"नकाशा काढला होता का गा?" भाऊजी.

"कोनता नकाशा?"

"फेरफार?"

दुकानदार भाचीकडं बघायला लागला. तिनं लॅपटॉप बंद करून सुरू केला, सुरू होताना एफ-बारा दाबलं, आलेल्या यादीतून विंडोज बूट मॅनेजर निवडला. विंडोज आली, पत्रिकेसकट. मग तिनं सेटिंगमध्ये जाऊन ते नाव कायमचं वर नेऊन ठेवलं. लॅपटॉप यूईएफआयवाला होता म्हणून इतक्यावर भागलं. जुनं बायोसवालं मशीन असतं तर विंडोजच्या डिस्कवरून दुरुस्तीच्या पडद्यात जाऊन दाराची पाटी नव्यानं लिहावी लागली असती.

"इतकंच?" दुकानदार म्हणाला.

"इतकंच."

"पैसे किती द्यायचे, काकाजी?"

भाऊजींनी धरमकाट्याचं पावतीपुस्तक ओढलं, 'हद्द कायम, मोजणी फी, रु. १००' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि त्यावर वेळ टाकण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडं आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडं एकदा आळीपाळीनं बघून घेतलं.